गोळी देण्याआधी चार प्रश्न

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधानं लहान मुलं दगावली आणि आपल्याकडे औषधविक्रीचा जुना वाद पुन्हा पेटला. चिठ्ठीशिवाय काही म्हणजे काही मिळता कामा नये, असं एक बाजू म्हणते. दुसरी विचारते, साध्या तापाच्या गोळीसाठीही डॉक्टरकडे पाठवलंत तर गरिबानं जायचं कुठे? बोलता बोलता दोन्ही बाजू परदेशाचा हवाला देतात. ‘परदेशात बघा, चिठ्ठी नसेल तर गोळी देत नाहीत.’ ‘परदेशात बघा, सुपरमार्केटमध्ये बिस्किटांशेजारी पॅरासिटामॉल मिळतं.’

मी बऱ्याच वर्षांपासून जर्मनीत, हॅनोव्हरला राहते. लहान मूल आहे, अधूनमधून महाराष्ट्रातून येऊन राहणारे आईवडील आहेत, म्हणजे औषधांशी नेहमीचाच संबंध. हा हवाला ऐकला की राहवत नाही, कारण त्यात दोन्ही बाजूंचं अर्धंच खरं असतं. परदेश नावाचा एकच एक देश नाही. ब्रिटनमध्ये सुपरमार्केटात पॅरासिटामॉल मिळतं हे खरं, पण १९९८ पासून तिथे सोळा गोळ्यांच्या वरचं पाकीट साध्या दुकानात विकता येत नाही. एका दमात जास्त गोळ्या घेऊन जीव देणाऱ्यांचं प्रमाण कमी व्हावं म्हणून तो नियम आला, आणि त्याचा उपयोगही झाला. अमेरिकेत त्याच गोळ्या शेकड्यांच्या बाटलीत मिळतात. स्वीडननं २००९ मध्ये साध्या दुकानांना पॅरासिटामॉलच्या गोळ्या विकायची परवानगी दिली, विषबाधा वाढल्याचं दिसल्यावर २०१५ मध्ये ती काढून घेतली. फ्रान्सनं २०२० पासून ही गोळी औषधाच्या दुकानातही गिऱ्हाइकाच्या हाती लागणार नाही अशी काउंटरच्या मागे नेली. आणि जर्मनीत ती सुपरमार्केटात कधी मिळतच नाही.

‘परदेशात बंदी असलेली औषधं भारतात विकतात’ हा निरोप तर घरच्या ग्रुपवर ठरावीक दिवसांनी येतोच. त्यात हमखास असणारं एक नाव म्हणजे अ‍ॅनाल्जिन, म्हणजेच मेटामिझोल. अमेरिकेनं ते १९७७ मध्ये बाजारातून काढलं. भारतानं २०१३ मध्ये बंदी घातली आणि पुढच्या वर्षी अटी घालून उठवली. जर्मनीत मात्र ते सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या वेदनाशामकांपैकी एक आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी अचानक घटण्याचा धोका त्यात आहे हे इथल्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच ते फक्त चिठ्ठीवर मिळतं, आणि ताप आला, घसा धरला तर गोळी थांबवून ताबडतोब रक्त तपासून घ्या, ही सूचना त्यासोबत असते. तेच औषध एका प्रगत देशात बंद आणि दुसऱ्यात रोजच्या वापरात. तेव्हा ‘परदेशात काय करतात’ यापेक्षा ते कशाच्या आधारावर करतात, हे विचारणं जास्त कामाचं.

इथे नव्यानं आलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो ड्रोगेरीत. डीएम किंवा रॉसमनसारख्या त्या मोठ्या चकचकीत दुकानात शाम्पू, लंगोट, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या, पोट बिघडल्यावर प्यायचे काढे असं सगळं असतं. बघणाऱ्याला वाटतं हेच इथलं मेडिकल. पण अंगात कणकण आली म्हणून तापाची गोळी शोधायला जावं तर सगळी मांडणी पालथी घालूनही ती सापडत नाही. त्यासाठी लाल रंगातलं मोठं ‘ए’ अक्षर लावलेलं आपोटेके, म्हणजे खरं औषधाचं दुकान, गाठावं लागतं. संध्याकाळी ते बंद होतं, रविवारी उघडतच नाही. पहिल्या हिवाळ्यात हे फार जाचतं. आपल्याकडे गल्लीच्या तोंडाशी रात्री अकरापर्यंत मेडिकल उघडं असतं, ओळखीचा माणूस उधारीवरही औषध देतो. त्या आधाराची किंमत दूर गेल्यावर कळते, आणि ‘भारतात सगळं बेकायदा चालतं’ असं सरसकट बोलणाऱ्यांना हा आधार दिसत नाही याचं मला वाईट वाटतं.

पण आपोटेकेत चिठ्ठीशिवाय काही मिळत नाही हा समजही चुकीचा आहे. इथे औषधांचे तीन थर आहेत. सगळ्यात वरचा, कुठेही विकता येणारा. सगळ्यात खालचा, डॉक्टरच्या चिठ्ठीचा. आणि मधला थर असा, की चिठ्ठी लागत नाही पण औषध आपोटेकेतच मिळतं, फार्मासिस्टच्या देखरेखीखाली. या मधल्या थरात काय काय येतं बघा: पॅरासिटामॉल (पाकिटात दहा ग्रॅमपर्यंत, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या वीस गोळ्या, त्याहून मोठ्या पाकिटाला २००९ पासून चिठ्ठी लागते), ४०० मिलिग्रॅमपर्यंतचं आयबुप्रोफेन, शिंकांसाठी सेटिरिझिन, जुलाबावर लोपेरामाइड, नाक गच्च झाल्यावरचा फवारा, गुडघ्याला लावायचं डायक्लोफेनॅकचं मलम, पित्तासाठी पँटोप्रॅझोलचं लहान पाकीट, २०१५ पासून तातडीची गर्भनिरोधक गोळीसुद्धा. घरात वरचेवर लागणारं बहुतेक सगळं या थरात आहे. त्यात नाहीत ती मुख्यतः प्रतिजैविकं, आणि ती नसावीत हे बरोबरच आहे.

आपल्या मंडळींच्या बॅगेत नेमकी तीच असतात. येताना प्रत्येक घरातून औषधांची एक थैली येते. त्यात अझिथ्रोमायसिनची पट्टी असते, सर्दीची तीन-चार औषधं एकत्र केलेली गोळी असते, कुणीतरी दिलेल्या अर्ध्या कापलेल्या पट्ट्या असतात. स्वतःपुरती, साधारण तीन महिन्यांची औषधं प्रवासात आणायला इथे हरकत नाही. पोस्टानं मात्र युरोपीय संघाबाहेरून खासगी माणसाला औषधं मागवता येत नाहीत. आईनं प्रेमानं पाठवलेलं पार्सल कस्टमकडे अडकतं आणि मुलाला ते सोडवता येत नाही. पुढची अडचण अशी, की त्या पट्टीवरचं मोठ्या अक्षरांतलं ब्रँडचं नाव इथे कुणालाही काही सांगत नाही. पट्टीमागे बारीक अक्षरांत छापलेलं घटकाचं नावच उपयोगी पडतं, आणि पट्टी कापली असेल तर नेमकं तेच निम्मं गेलेलं असतं. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: डॉक्टरांकडून एका कागदावर औषधांची मूळ नावं, मात्रा आणि आजार इंग्रजीत लिहून आणा. ती भारतातली चिठ्ठी दाखवून इथे औषध मिळणार नाही, कारण युरोपीय संघ आणि शेजारच्या मोजक्या देशांतल्याच चिठ्ठ्या इथे चालतात. पण त्या कागदावरून इथला डॉक्टर पाच मिनिटांत नवी चिठ्ठी देऊ शकतो.

लहान मुलांच्या बाबतीत तर हा कागद फारच महत्त्वाचा. आपल्याकडे पॅरासिटामॉलचं सिरप पाच मिलिलिटरला १२५ आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतं, शिवाय तान्ह्या बाळांचे थेंब वेगळेच, त्याहून तीव्र. इथल्या नेहमीच्या सिरपात पाच मिलिलिटरला २०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे ‘एक चमचा दे’ हा आजीचा सल्ला देश बदलला की मात्राही बदलतो. माझ्या मुलाला रात्री ताप चढला तेव्हा आम्ही रात्रपाळीच्या आपोटेकेत गेलो. इथे प्रत्येक भागात पाळीपाळीनं एक आपोटेके रात्रभर उघडं असतं. दार बंदच असतं. घंटा वाजवायची आणि खिडकीतून बोलायचं. रात्रीचे अडीच युरो जादा पडतात. खिडकीतल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो मुलाच्या वजनाचा. वय त्यांनी नंतर विचारलं. मग विचारलं, याआधी काय दिलं, किती वाजता दिलं, मूल पाणी पितंय का, लघवी होतेय का. एवढं झाल्यावर गुदद्वारातून द्यायची गोळी पुढे केली, कारण मूल ओकत होतं. आमच्या घरी हे कुणीच कधी वापरलेलं नव्हतं, आईला फोनवर ते पटेना. पण उलट्या होत असताना पोटातून दिलेलं औषध टिकत नाही हे बाईंनी सांगितलं, आणि कोणती लक्षणं दिसली तर आपोटेके सोडून थेट रुग्णालयात जायचं तेही सांगितलं. हे सगळं त्या लहानशा खिडकीतून, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या एका साध्या औषधासाठी.

बाबांचा गुडघा दुखायला लागला तेव्हाही तेच झालं. ते येताना डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घेऊन आले होते आणि त्या संपत आल्या होत्या. तसलीच गोळी मागायला आम्ही गेलो. काउंटरवरच्या तरुणानं विचारलं, आणखी कोणती औषधं चालू आहेत? रक्तदाबाची गोळी होती, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली. त्यानं लगेच हात आखडता घेतला. रक्तदाबाच्या या दोन औषधांवर तिसरी ही वेदनाशामक गोळी रोज पडली तर म्हाताऱ्या माणसाच्या मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणाला. त्यानं मलम दिलं, पाणी भरपूर प्या म्हणून सांगितलं आणि मूत्रपिंडं नीट चालतात का ते कळायला डॉक्टरांकडून रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यायला सुचवलं. बाबा गावी कित्येक महिने त्या गोळ्या मागून आणत होते. मेडिकलवाला त्यांच्या चांगल्या ओळखीचा, भला माणूस. पण त्यानं कधी विचारलं नव्हतं, कारण विचारणं हे त्याचं काम आहे असं ना त्याला कुणी सांगितलं होतं, ना बाबांना.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. आपल्याकडचा सगळा वाद चिठ्ठी हवी की नको याभोवती फिरतो. पण जर्मनीतल्या रोजच्या औषधपाण्याला जे सांभाळतं ते चिठ्ठी आणि मोकळी विक्री यांच्या मधे उभं असलेलं, शिकलेलं, जबाबदार माणूस आहे. आपण त्या माणसाची जागा कायद्यात ठेवली आणि दुकानात रिकामी सोडली.

कायदा आपल्याकडे कच्चा नाही. औषध कायदा १९४० चा, फार्मसी कायदा १९४८ चा. नोंदणीकृत फार्मासिस्टनंच औषध द्यावं हे त्यात स्पष्ट आहे. चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची यादी, म्हणजे अनुसूची एच आहे, मार्च २०१४ पासून लागू झालेली एच-१ आहे, जिच्यातल्या औषधांसाठी दुकानात वेगळी नोंदवही ठेवून ती तीन वर्षं जपावी लागते. प्रतिजैविकांच्या पट्टीवर ‘चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ असं सांगणारी लाल रेघ असते, तिच्यासाठी २०१६ मध्ये मोहीमही झाली. फार्मासिस्टनं रुग्णाला समजावून सांगावं असं २०१५ च्या नियमावलीत लिहिलेलं आहे. महाराष्ट्रात महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना दुकानात फार्मासिस्ट हजर आहे की नाही, हे खरोखरच तपासलं जाऊ लागलं. त्यावर केमिस्ट संघटनांनी बंद पुकारले होते, हे त्या काळी राज्यात असलेल्यांना आठवत असेल. भिंतीवर एकाचं प्रमाणपत्र आणि काउंटरवर दुसराच, ही पद्धत किती पसरली होती ते त्या संघर्षातून उघड झालं.

तेव्हा केमिस्ट जे म्हणत होते त्यातलं काही मला आजही खरं वाटतं. प्रत्येक दुकानाला पूर्णवेळ फार्मासिस्ट परवडत नाही. तालुक्याच्या गावी डॉक्टरची फी, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी मिळून एका तापाचा खर्च काय होतो, ते शहरात बसून कळत नाही. बाईनं दोन गोळ्यांपुरते पैसे दिले म्हणून पट्टी कापून दोन गोळ्या देणारा दुकानदार माझ्या लेखी गुन्हेगार नाही. इथे जर्मनीत अख्खा खोकाच घ्यावा लागतो, दोन गोळ्या कुणी देत नाही, आणि बहुतेक लोकांचा चिठ्ठीवरच्या औषधाचा खर्च विमा उचलतो म्हणून ते चालून जातं. रुग्ण एका औषधामागे पाच ते दहा युरो भरतो. आपल्याकडे तो विमा नाही. चिठ्ठीची सक्ती तेवढी उचलून आणली तर लोक मेडिकलऐवजी डॉक्टरकडे जाणार नाहीत, दुखणं अंगावर काढतील.

मे २०२२ मध्ये केंद्र सरकारनं सोळा औषधं चिठ्ठीशिवाय विकायची मुभा देणारा मसुदा काढला. पॅरासिटामॉल ५००, डायक्लोफेनॅकचं मलम, बुरशीवरचं क्लोट्रिमेझोल, बद्धकोष्ठावरची औषधं असं काही काही त्यात होतं. पाच दिवसांपेक्षा जास्त घ्यायचं नाही अशी अटही होती. चिठ्ठीशिवायच्या औषधांचा स्वतंत्र वर्गच आपल्या कायद्यात नाही, अनुसूचीत नाव नसलेलं ते आपोआप चिठ्ठीशिवायचं ठरतं, म्हणून अशी यादी असावी हे मला मान्यच आहे. पण पाच दिवसांची अट कोण सांगणार? औषध देणाऱ्या माणसानं ती सांगावी अशी व्यवस्था नसेल तर ती खोक्यावरच्या बारीक अक्षरांतच राहते. स्वीडननं पॅरासिटामॉलची गोळी साध्या दुकानांपर्यंत नेऊन पाहिली आणि सहा वर्षांत मागे घेतली. तिथली माणसं वाचू शकतात, विमा आहे, दवाखाने आहेत, तरीही.

आणि छिंदवाड्याचं काय? ती घटना चिठ्ठीच्या सक्तीसाठी पुरावा म्हणून वापरली गेली, लहान गावांत परवान्याशिवाय खोकल्याचं सिरप विकायची सूट काढण्याचा प्रस्तावही आला. पण ते सिरप मुलांना डॉक्टरनंच लिहून दिलेलं होतं. दोष बाटलीत होता. डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचं, मूत्रपिंड निकामी करणारं विष त्यात घातक प्रमाणात सापडलं. २०२२ मध्ये गांबियात भारतातून गेलेल्या सिरपांच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. कच्चा माल तपासला गेला असता तर मुलं वाचली असती. चिठ्ठी तिथे होतीच. इथे जर्मनीत औषधात काही वावगं दिसलं, रंग बदलला, वास आला, रुग्णांकडून सारख्या तक्रारी आल्या, तर आपोटेकेनं ते फार्मासिस्टांच्या औषध आयोगाला कळवायचं असतं. दुकान हे औषध विकण्याचं शेवटचं टोक तसंच गडबड लक्षात येण्याचं पहिलं ठिकाणही असतं. एकाच औषधानंतर मुलांची लघवी बंद होतेय, हे गावात सगळ्यात आधी दिसू शकतं ते त्या औषधाच्या बाटल्या विकणाऱ्याला. त्यानं ते कुणाला सांगायचं, आणि सांगितलं तर त्याचं कुणी ऐकेल का, यावर या सगळ्या गदारोळात फारसं कुणी बोललं नाही.

पण जबाबदारी फुकट येत नाही, आणि इथली व्यवस्था टिकली आहे ती पैशाच्या एका साध्या बांधणीमुळे. चिठ्ठीवरचं औषध विकल्यावर जर्मन आपोटेकेला प्रत्येक पाकिटामागे ठरावीक ८.३५ युरो मिळतात, वर खरेदी किमतीच्या तीन टक्के. म्हणजे स्वस्त गोळी दिली काय नि महाग दिली काय, मोबदल्यात फार फरक पडत नाही. हे पैसे मुख्यतः तपासण्याचे आणि समजावण्याचे आहेत. शिवाय आपोटेके फार्मासिस्टच्याच मालकीचं असावं लागतं, एकाकडे मुख्य दुकान आणि फार तर तीन शाखा. साखळी कंपन्यांना इथे मज्जाव आहे, आणि २००९ मध्ये युरोपीय न्यायालयानंही तो मज्जाव योग्य ठरवला. आपल्याकडे दुकानदाराला मिळतात टक्के. किंमत नियंत्रणातल्या औषधांवर सोळा टक्के, बाकीच्यांवर साधारण वीस. टक्क्यांवर जगणाऱ्या माणसाला ‘हे औषध तुम्हाला नको’ म्हणायला आपण सांगतो, तेव्हा त्याच्या पोटावर पाय देऊन सांगत असतो.

जेनेरिकचा, म्हणजे ब्रँडऐवजी मूळ नावानं औषध लिहिण्या-विकण्याचा वादही याच गाठीत अडकलेला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं डॉक्टरांना औषधाचं मूळ नावच लिहायला सांगितलं आणि महिन्याच्या आत तो नियम स्थगित केला. डॉक्टरांचा आक्षेप होता, मग कोणत्या कंपनीची गोळी द्यायची ते दुकानदार ठरवणार, आणि तो जास्त नफ्याची देणार. टक्क्यांच्या व्यवस्थेत हा आक्षेप अगदी रास्त आहे. जर्मनीत मात्र आपोटेके बऱ्याचदा आधीपेक्षा वेगळ्या कंपनीची गोळी देतं, कारण विमा कंपन्यांचे उत्पादकांशी सवलतीचे करार असतात. बदल झाला की ‘गोळी गुलाबी आहे, आधीची पांढरी होती, औषध तेच आहे’ हे काउंटरवर सांगतात. म्हातारी माणसं तरी गोंधळतात, दोन्ही खोक्यांतली गोळी घेतात असंही घडतं, म्हणून सांगणं किती महत्त्वाचं ते आणखीच पटतं. इथे दूर राहून औषधाचं मूळ नाव पाठ करावं लागलं तेव्हापासून मला त्या स्थगित नियमाबद्दल आस्था आहे. ब्रँड लिहा हवं तर, पण मूळ नाव वर आणि मोठं असू द्या. रुग्णाला एवढं तरी कळू द्या की आपण काय गिळतोय.

या व्यवस्थेत सगळं गोड नाही. त्याच सवलतीच्या करारांनी किमती इतक्या खाली दाबल्या की बरेच उत्पादक बाजूला झाले, आणि २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुलांचं तापाचं सिरप अख्ख्या देशात मिळेनासं झालं. आम्ही मराठी आया एकमेकींना उरलेल्या बाटल्या देत होतो आणि भारतातून येणाऱ्यांना सिरप आणायला सांगत होतो. आपोटेकेत गोळ्यांपासून सिरप तयार करून दिलं जात होतं. सरकारला २०२३ मध्ये मुलांच्या औषधांवरचे ते किंमतनियम सैल करावे लागले. ८.३५ युरोचा आकडाही २०१३ पासून कित्येक वर्षं हललाच नाही. जून २०२३ मध्ये त्यासाठी देशभरातल्या दुकानांनी एक दिवस दारं बंद ठेवली होती. दरवर्षी शेकडो आपोटेके कायमची बंद होतात आणि खेड्यांतल्या माणसांना औषधासाठी गाडी काढावी लागते. चिठ्ठीशिवायच्या औषधांची किंमत मोकळी आहे, तिथे नफा आहे, आणि गुण येण्याचा पुरावा नसलेल्या साबुदाण्याएवढ्या होमिओपॅथीच्या गोळ्या तोच शिकलेला फार्मासिस्ट विकतो, हे मला कधीच पटलेलं नाही. आणि भाषा येत नसलेल्या परक्या माणसाला हे सगळे प्रश्न सुरुवातीला चौकशी केल्यासारखे वाटतात. मला नक्की कशाचा त्रास होतो ते चारचौघांत, तुटक जर्मनमध्ये सांगायचं, या संकोचापोटी औषधच न घेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना मी सांगते, काउंटरपासून थोडं बाजूला घेऊन बोलायला सांगा, तसं सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

तरीही महाराष्ट्रात यातलं काय आणता येईल असं कुणी विचारलं तर मी चिठ्ठीपासून सुरुवात करणार नाही. दर वर्षी आपल्या महाविद्यालयांतून डी. फार्म आणि बी. फार्म झालेली हजारो मुलंमुली बाहेर पडतात. त्यांतली बरीच प्रमाणपत्र भाड्यानं देतात किंवा औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांचे दवाखाने फिरतात. ज्या कामासाठी शिकली ते काम त्यांना कुणी पैसे देऊन सांगतच नाही. जनऔषधी केंद्रं देशात पंधरा हजारांवर गेली आहेत. तिथे फार्मासिस्ट असणं बंधनकारक आहे, औषधं मूळ नावानं विकली जातात, आणि केंद्रचालकाला मिळतात तेही टक्केच, म्हणजे गोळी जितकी स्वस्त तितकी त्याची कमाई कमी. तिथल्या फार्मासिस्टला एका रुग्णाशी बोलण्याचे, त्याची चालू औषधं तपासून एका कार्डावर लिहिण्याचे ठरावीक पैसे सरकारनं द्यावेत. रक्तदाब, मधुमेह आणि गुडघ्याच्या गोळ्या एकदम घेणाऱ्या साठीपुढच्या माणसांपासून ते सुरू करता येईल. एका जिल्ह्यात वर्षभर करून बघावं, आणि त्या जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या किती रुग्णांच्या कार्डावर वेदनाशामक गोळी सापडते ते मोजावं.